विन्स्लोचं ला पोसादा: रुळांशेजारच्या हॉटेलबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न

ला पोसादाचा विषय निघाला की फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून म्हटलं एकदा सगळं एका जागी लिहून टाकावं. काही उत्तरं लांबलीत, कारण या हॉटेलची गोष्ट सांगायची तर आधी रेल्वेची सांगावी लागते, त्याला इलाज नाही.

हे हॉटेल आहे कुठे?

अमेरिकेत, ॲरिझोना राज्याच्या उत्तर भागात, विन्स्लो नावाच्या गावात. गाव अगदी छोटं, वस्ती नऊ-दहा हजार. शिकागोहून लॉस एंजेलिसला जाणारी रेल्वेलाइन गावातून जाते आणि हॉटेल तिला अगदी खेटून आहे. दुसऱ्या अंगाला जुना रूट ६६, म्हणजे मोटारींचा हायवे. ला पोसादा हा स्पॅनिश शब्द, अर्थ सराई किंवा मुक्कामाची जागा, एवढंच.

एवढ्याशा गावात एवढं मोठं हॉटेल कशाला बांधलं?

कारण गावच रेल्वेचं लेकरू आहे. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला रूळ इथवर आले आणि मग गाव वसलं, उलटं नाही. गाड्यांचे क्रू इथे बदलायचे, वाफेच्या इंजिनांना पाणी लागायचं, त्यामुळे गाडी थांबणारच आणि थांबली की माणसं खाली उतरणारच.

दुसरं कारण म्हणजे आजूबाजूला बघण्यासारखं खूप होतं. पेंटेड डेझर्ट, दगड झालेल्या झाडांचं पेट्रिफाइड फॉरेस्ट, पन्नास हजार वर्षांपूर्वी उल्का पडून झालेला मोठ्ठा खड्डा, होपी या मूलनिवासी लोकांची गावं, नवाहो या दुसऱ्या मूलनिवासींचा मुलुख. १९२६ पासून फ्रेड हार्वी कंपनीने 'इंडियन डिटूर' नावाच्या सहली सुरू केल्या होत्या, म्हणजे ट्रेनमधून उतरायचं, मोटारीतून दोन-तीन दिवस फिरायचं आणि पुढच्या गाडीने निघायचं. अशा प्रवाशांना ठेवायला चांगलं हॉटेल हवंच होतं.

आणि तिसरी गंमत विमानाची. १९२९ च्या जुलैमध्ये एका कंपनीने न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस ४८ तासांत अशी सेवा काढली, दिवसा विमान आणि रात्री ट्रेन, कारण रात्री विमान उडवायची हिंमत नव्हती. अटलांटिक एकट्याने पार करणारा चार्ल्स लिंडबर्ग या कंपनीचा तांत्रिक सल्लागार होता आणि विमानं मधे विन्स्लोला उतरायची. तेव्हा या गावाचं भविष्य फार उज्ज्वल आहे असं सगळ्यांना वाटत होतं, आणि त्यात कोणाची चूक होती असं मला तरी वाटत नाही.

हार्वी हार्वी काय चाललंय, हा हार्वी कोण?

फ्रेड हार्वी, जन्म १८३५, लंडनचा. सतराव्या-अठराव्या वर्षी अमेरिकेत आला, न्यूयॉर्कमध्ये हॉटेलात भांडी घासली, मग सेंट लुइसला स्वतःचं खाण्याचं दुकान काढलं, ते यादवी युद्धाच्या काळात बुडालं, आणि पुढे बरीच वर्षं रेल्वेसाठी माल मिळवून देणारा एजंट म्हणून फिरला. या फिरतीत त्याने स्टेशनांवरचं भयानक जेवण खाल्लं आणि आयुष्याची दिशा तिथेच बदलली. १८७६ साली ॲचिसन, टोपेका अँड सांता फे या रेल्वेशी बोलणी करून कॅन्सस राज्यातल्या टोपेका स्टेशनात त्याने खाणावळ सुरू केली. दोन वर्षांनी फ्लॉरेन्स नावाच्या गावात पहिलं हॉटेल. मग जसजसे रूळ पश्चिमेला सरकले तसतशी साधारण दर शंभर मैलांवर एक हार्वीची जागा उभी राहिली, त्यांनाच हार्वी हाऊस म्हणायचे. अमेरिकेतली रेस्टॉरंटची पहिली मोठी साखळी म्हणून याचं नाव घेतात.

तो स्वतः १९०१ मध्ये गेला. म्हणजे ला पोसादा त्याने बघितलंच नाही, ते त्याच्या मुलाच्या, फोर्डच्या, काळात ठरलं, आणि फोर्डही १९२८ ला गेला, उद्घाटनाच्या साधारण दीड वर्ष आधी.

पण आधी लोक जेवायचे काय?

विचारू नका. बहुतेक गाड्यांत डब्यात जेवण मिळत नव्हतं, गाडी कुठेतरी वीस मिनिटं थांबायची, सगळे धावत सुटायचे आणि समोर यायचं शिळं मांस, दगडासारखी बिस्किटं आणि कित्येक तास उकळलेली कॉफी. शिवाय एक लबाडी फार चालायची असं सांगतात. पैसे आधी घ्यायचे, वाढायला मुद्दाम उशीर करायचा, तेवढ्यात गाडीची शिट्टी, लोक ताट तसंच टाकून पळणार, आणि तेच ताट पुढच्या गाडीच्या माणसासमोर. यातला वाटा गाडीवरच्या लोकांनाही मिळायचा म्हणे. प्रवाशाने तक्रार करायची तरी कोणाकडे, तो तर शंभर मैल पुढे गेलेला!

हार्वीने वेगळं काय केलं तर हा माणूस परत येणार आहे असं धरून चालला. बस एवढंच.

वीस-पंचवीस मिनिटांत गाडीभर लोकांना जेवायला कसं घालायचे?

हा माझा सगळ्यात आवडता भाग, त्यामुळे जरा सविस्तर.

गाडी स्टेशनात यायच्या बऱ्याच आधी गाडीतला कर्मचारी डब्याडब्यातून फिरून विचारायचा, डायनिंग रूममध्ये बसणार की काउंटरवर. आकडे तारेने पुढच्या हार्वी हाऊसला कळवायचे. गाडी जवळ आली की इंजिन शिट्टी द्यायचं, आत पहिला पदार्थ टेबलांवर मांडायला सुरुवात. प्रवासी उतरतात तर दारात एक माणूस मोठी थाळी, म्हणजे गाँग, वाजवत उभा, म्हणजे कुठे जायचं हे विचारायची गरजच नाही.

मग कपांची युक्ती. वाढणारी मुलगी येऊन विचारायची, काय पिणार? आणि उत्तरानुसार फक्त कप हलवून जायची. कप बशीत सरळ असेल तर कॉफी, पालथा असेल तर गरम चहा, बशीला टेकवून तिरका ठेवला तर आइस टी, आणि बशीच्या बाहेर ठेवला तर दूध. मागून दुसरी मुलगी यायची ती एक शब्द न बोलता बरोबर ओतत जायची, आणि प्रवासी तोंडात बोटं घालायचे की हिला कसं कळलं. यात अडचण एकच, एखाद्याने सहज चाळा म्हणून कप उलटा केला की कॉफीच्या जागी चहा नशिबात!

मेनू कधी कुठे काय हे वरून ठरायचं, म्हणजे लांबच्या प्रवाशाला लागोपाठ तीन स्टेशनांवर तेच जेवण मिळू नये. बर्फाच्या डब्यांतून ताजं मांस, फळं, अगदी समुद्रातले ऑयस्टरसुद्धा वाळवंटात पोचायचे. १८८८ च्या सुमाराला पूर्ण जेवणाचा दर ७५ सेंट होता. पाय, म्हणजे फळं भरलेला तो गोल गोड पदार्थ, इतर जागी सहा तुकड्यांत कापायचे तर हार्वीकडे चार. कॉफी दर दोन तासांनी ओतून नवी करायची, किटली भरलेली असली तरी. आणि जिथलं पाणी खारट तिथे चांगलं पाणी टँकरच्या डब्यातून आणायचं, कारण कॉफीची चव पाण्यात असते हे त्याला पक्कं माहीत होतं.

हार्वी गर्ल्स म्हणजे कोण?

वाढणाऱ्या मुली. १८८३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या रॅटन गावापासून हे सुरू झालं असं सांगितलं जातं. तिथल्या वाढप्यांची मारामारी झाली, हार्वीने सगळ्यांना काढून टाकलं आणि नव्या मॅनेजरच्या सल्ल्याने मुली आणल्या. ही गोष्ट सांगताना एक बाब बरेचदा गाळतात, ती म्हणजे काढलेले वाढपी कृष्णवर्णीय होते आणि त्यांच्या जागी आलेल्या मुली गोऱ्या. स्पॅनिश बोलणाऱ्या आणि मूलनिवासी मुलींना जास्त प्रमाणात कामावर घेतलं ते खूप नंतर, विशेषतः दुसऱ्या महायुद्धात माणसं मिळेनात तेव्हा.

जाहिरात पूर्वेकडच्या पेपरांत यायची, वय १८ ते ३०, चांगल्या चालीची, दिसायला नीटस, हुशार मुलगी पाहिजे. पगार महिन्याला साडेसतरा डॉलर, वर टिप्स, राहणं-जेवण फुकट. काळा ड्रेस, त्यावर कडक इस्त्रीचा पांढरा ॲप्रन. राहायला होस्टेल, त्यावर देखरेखीला एक बाई, आणि रात्री दहाला दार बंद.

हे वाचून आजच्या मुली नाक मुरडतील आणि ते बरोबरच आहे. पण त्या काळी शेतावरच्या किंवा गिरणीतल्या मुलीला घरापासून हजार मैल लांब जाऊन स्वतःचा पैसा कमवायचा हा दुसरा इज्जतीचा मार्ग कुठला होता? शिक्षिका, नाहीतर मोलकरीण. म्हणून मुली गेल्या. एकूण लाखभर मुलींनी हे काम केलं असा अंदाज सांगतात. कितीतरी जणींनी तिकडेच लग्नं केली, रेल्वेवाल्यांशी नाहीतर गुरंवाल्यांशी, आणि पश्चिमेकडची गावं भरली ती अशी.

पुरुषांना कोट घातल्याशिवाय आत घेत नसत, हे खरंय का?

डायनिंग रूममध्ये हो. उन्हाळ्याचे हाल असले तरी कोट पाहिजेच. नसेल तर हॉटेलच देई, त्यासाठी गडद रंगाचे अल्पाकाचे कोट टांगलेले असायचे, मापाला बसो न बसो. यावरून ओक्लाहोमा राज्यात चक्क केस झाली आणि १९२४ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने नियम हार्वीच्या बाजूने कायम ठेवला. काउंटरवर मात्र सदऱ्यावर बसलात तरी चालायचं.

हॉटेलचा मालक कोण, रेल्वे की हार्वी?

इमारत रेल्वेची, चालवायचं हार्वी कंपनीने. रेल्वे माल आणि नोकरमाणसं फुकट वाहून न्यायची, जेवणाचा नफा हार्वीचा. मग रेल्वेला काय मिळालं? तर तिकिटं खपली. शिकागोहून कॅलिफोर्नियाला जायला दुसऱ्याही रेल्वे होत्या, लोक सांता फे निवडायचे त्यात जेवणाचा वाटा मोठा होता. ही वाटणी लक्षात ठेवा, कारण पुढे हॉटेल बंद पडलं आणि तरीही उभं राहिलं त्या दोन्हीचं कारण यातच आहे.

इमारत कोणी डिझाइन केली?

मेरी कोल्टर यांनी. जन्म १८६९, पिट्सबर्गचा. सॅन फ्रान्सिस्कोला कलाशिक्षण घेतलं, मग सेंट पॉलमध्ये बरीच वर्षं शाळेत शिकवलं, आणि १९०२ पासून हार्वी कंपनीचं काम. ग्रँड कॅन्यनच्या काठावरचं होपी हाऊस, हर्मिट्स रेस्ट, तो डेझर्ट व्ह्यूचा दगडी मनोरा, सगळं त्यांचंच. ज्या काळात बाईला आर्किटेक्ट म्हणून कोणी दारात उभं करत नव्हतं त्या काळात ही बाई साइटवर जाऊन गवंड्याने रचलेले दगड मनासारखे नाही म्हणून परत काढायला लावायची.

ला पोसादाचं वैशिष्ट्य असं की इथे सगळंच त्यांच्या हातात होतं. इमारत, बागा, फर्निचर, भांडी, मोलकरणींचे कपडेसुद्धा. सिगारेटची राख टाकायला सशाच्या आकाराचे स्टँड केले होते. त्यांना स्वतःला आपलं हे काम सगळ्यात प्रिय होतं.

ती कोणा स्पॅनिश जमीनदाराची हवेली होती ना?

नाही, आणि हा गैरसमज व्हावा असंच कोल्टरबाईंना वाटत होतं! त्यांची काम करायची पद्धतच तशी, आधी एक कहाणी रचायची आणि मग त्या कहाणीला शोभेल अशी इमारत बांधायची. इथली कहाणी अशी: एका श्रीमंत स्पॅनिश डॉनचा, म्हणजे जमीनदाराचा, वाडा, त्याच्या घराण्याने शंभरावर वर्षं त्यात काढली, प्रत्येक पिढीने एखादी खोली, एखादा व्हरांडा वाढवला, जगभरच्या वस्तू आणून भरल्या, आणि मग दिवस फिरले तेव्हा वाड्याची सराई झाली. म्हणून मग खोल्या मुद्दाम एकसारख्या ठेवल्या नाहीत. काही वस्तू खरोखर जुन्या विकत आणल्या आणि बाकीचं फर्निचर कारागिरांकडून तसंच जुनं वाटेल असं बनवून घेतलं.

विन्स्लोत असा कोणी डॉन नव्हता. सगळं १९२९-३० चं बांधकाम आहे. मला यात फसवणूक वाटत नाही, नाटकाच्या नेपथ्यासारखं आहे ते, पण काही जाणकारांना हे खोटं वाटतं आणि त्यांचंही म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नाही, कारण त्याच मुलखात होपींची शेकडो वर्षांची खरी घरं उभी असताना कल्पनेतला स्पॅनिश जमीनदार आणायची गरज काय होती?

उघडलं कधी आणि खर्च किती आला?

१५ मे १९३०. नुसत्या बांधकामाचा खर्च दहा लाख डॉलरच्या घरात, तेव्हाचे. आणि तारीख बघितलीत ना? शेअर बाजार कोसळला १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये. म्हणजे मंदी सुरू होऊन सात महिने झालेले आणि इथे रिबन कापतायत.

मग चाललं कसं?

रडतखडत, पण चाललं. सिनेमाचे नट-नट्या लॉस एंजेलिसला जाता-येता उतरायचे, आइन्स्टाइन येऊन गेले असंही हॉटेल सांगतं, आज तिथल्या खोल्यांना अशा पाहुण्यांची नावं आहेत. पण खरी गर्दी झाली ती दुसऱ्या महायुद्धात. सैनिकांनी खच्चून भरलेल्या गाड्या या लाइनवरून जायच्या आणि त्यांना जेवण घालायचं काम हार्वी हाऊसवर आलं. तेव्हा ना चार तुकड्यांचा पाय राहिला ना कोटाचा नियम, भराभर सँडविच बांधायची आणि डब्यात चढवायची. जुन्या, लग्न होऊन संसारात पडलेल्या हार्वी गर्ल्सनासुद्धा परत बोलावून घेतलं. ताण इतका होता की जेवणाचा दर्जा घसरला आणि युद्ध संपल्यावर तो पूर्वपदावर आलाच नाही.

बंद का पडलं? मंदीमुळे?

असं बरेच जण लिहितात पण मंदीने मारलं असतं तर १९३३ लाच मेलं असतं. खरं कारण असं की गाडीला थांबायची गरज उरली नाही.

डायनिंग कार, म्हणजे गाडीतला जेवणाचा डबा, ही भानगड जुनीच, रेल्वेचे डबे बनवणाऱ्या पुलमनने १८६८ लाच काढली होती, आणि सांता फेवरच्या डायनिंग कारचं जेवणही हार्वी कंपनीच बघायची. म्हणजे स्वतःच्याच स्टेशनवरच्या हॉटेलांना स्वतःच स्पर्धा! १९३६ मध्ये सुपर चीफ ही डिझेल इंजिनाची ऐटबाज गाडी आली. तिच्या डायनिंग कारसाठी भांड्यांचं डिझाइन केलं कोणी? कोल्टरबाईंनीच. मिम्ब्रेस या प्राचीन मूलनिवासी लोकांच्या हजारेक वर्षं जुन्या मातीच्या भांड्यांवरची चित्रं घेऊन. भांडी सुंदर आहेत, आज संग्राहक त्यांच्यामागे धावतात, पण त्यांच्यावर जेवणारा माणूस विन्स्लोला खाली उतरणार नव्हता.

डिझेलला वाफेच्या इंजिनासारखं सारखं पाणी लागत नाही. मग लोकांकडे मोटारी आल्या आणि नंतर जेट विमानं. हॉटेलने १९५७ मध्ये दार लावलं, १९५९ मध्ये आतल्या सामानाचा लिलाव झाला. कोल्टरबाई १९५८ च्या जानेवारीत गेल्या, म्हणजे बंद झालेलं त्यांनी पाहिलं. माणूस फार जगला की हेही बघावं लागतं अशा अर्थाचं काहीतरी त्या बोलल्या म्हणतात.

बाकीची हॉटेलं पाडली, हे कसं वाचलं?

रेल्वेला ऑफिस हवं होतं म्हणून. खरंच, एवढंच कारण. इमारत रेल्वेचीच होती, रिकामी पडलेली, तर १९६० च्या दशकात आत पार्टिशन टाकून कचेऱ्या केल्या. मोठ्या हॉलचे तुकडे पडले, नक्षीची छतं फॉल्स सीलिंगच्या वर गेली, ट्यूबलाइटी लागल्या. बघायला वाईट, पण छप्पर शाबूत आणि कोणीतरी रोज दार उघडून आत येतंय, इमारतीला जगायला तेवढं पुरतं.

हे ज्यांच्या नशिबी नव्हतं त्यांचं काय झालं बघा. न्यू मेक्सिकोतल्या गॅलपचं एल नवाहो, तेही कोल्टरचंच, १९५७ मध्ये पाडलं. त्याच राज्यातलं अल्बुकर्कीचं अल्व्हाराडो १९७० मध्ये, लोक विरोध करत असताना.

परत सुरू कोणी केलं?

१९९० च्या दशकात रेल्वेने तिथून बाहेर पडायचं ठरवलं. जुन्या वास्तू जपण्यासाठी काम करणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या धोक्यात असलेल्या वास्तूंच्या यादीत नाव आलं, ते ॲलन अफेल्ट नावाच्या गृहस्थांनी वाचलं आणि ते बघायला आले. हॉटेलचा काडीचा अनुभव नव्हता. रेल्वेशी बोलणी वर्षानुवर्षं चालली, शेवटी १९९७ मध्ये हातात आलं. त्यांची पत्नी टीना मियोन चित्रकार, सोबत मित्र डॅनियल लुट्झिक शिल्पकार, तिघं तिथेच राहायला आले आणि खोल्या जशा तयार होतील तशा भाड्याने द्यायला सुरुवात केली. बाग तर त्यांच्याही आधीपासून गावातल्या स्वयंसेवकांनी जगवली होती, त्यांची नावं कोणी घेत नाही म्हणून इथे मुद्दाम लिहिलं.

हार्वीची अजून कुठली हॉटेलं बघता येतात?

ग्रँड कॅन्यनचं एल तोवार (१९०५) आजही चालू आहे. न्यू मेक्सिकोतल्या लास वेगासमध्ये (ते जुगाराचं नव्हे, वेगळं) १८९८ चं कास्टान्येदा आहे, तेही अफेल्ट यांनीच घेऊन २०१९ मध्ये परत उघडलं. कॅलिफोर्नियात बार्स्टो आणि नीडल्सला इमारती उभ्या आहेत पण तिथे मुक्काम होत नाही.

ट्रेनने जाता येतं का अजून?

येतं. ॲमट्रॅक या प्रवासी रेल्वे कंपनीची साउथवेस्ट चीफ ही गाडी शिकागो ते लॉस एंजेलिस रोज धावते, दोन्ही दिशांना विन्स्लोला थांबते, पश्चिमेची संध्याकाळी, पूर्वेची पहाटे. उतरलात की समोर हॉटेलच. गंमत म्हणजे हॉटेलची मूळ दर्शनी बाजू हीच, रुळांकडची. मोटारीने येणारे रूट ६६ च्या बाजूने येतात, म्हणजे खरं तर मागच्या दाराने, आणि आता जवळजवळ सगळे तसेच येतात.

रात्री गाड्यांचा आवाज होतो का?

होतो. दिवस-रात्र मालगाड्या जातात, लांबच्या लांब, आणि बहुतेक थांबत नाहीत. झोप सावध असेल तर रूट ६६ च्या बाजूची खोली मागा. नाहीतर रुळांकडची घ्या, खुर्ची टाका आणि डबे मोजत बसा.